चामखिळी, चिकटपट्टी आणि श्रेयाचं भांडण

रानवारा: लेकीच्या बोटांवर पाच चामखिळी होत्या. आजीने चुना लावला, शेजारच्या काकूंनी घोड्याचा केस बांधायला सांगितला, मी डक्ट टेप आणली. तीन महिन्यांत सगळ्या झडल्या आणि श्रेय कुणाचं यावर घरात अजून जुंपते.

संशोधनातही हेच झालंय. २००२ साली अमेरिकेत पन्नासेक जणांवर चाचणी झाली, बहुतेक मुलंच. टेपने ८५ टक्के जणांची चामखीळ गेली, द्रवरूप नायट्रोजनने गोठवून ६० टक्के. टेप जगभर गाजली. पण नुसता थांबलेला गट त्या चाचणीत नव्हताच! २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये १०३ शाळकरी मुलांवर पुन्हा पाहिलं, तर सहा आठवड्यांनी टेप १६ टक्के आणि चामखिळीला न टेकणारी गोल पट्टी ६ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो.

माझं मत स्पष्ट आहे: मुलांवरच्या अशा प्रत्येक चाचणीत खरा उपचार न मिळणारा गट हवाच. चामखीळ विषाणूमुळे येते आणि तो शेवटी शरीरच हाकलतं, डॉक्टरकडे धावू नका.

दोन पोरांची आई: तुमची लेक बरी झाली म्हणून हे सुचतंय. माझा मुलगा शाळेत रिंगण करताना बाही ओढून बोटं झाकतो, मग शेजारचा पोरगा बाहीलाच धरतो. वर्षभरात निम्म्या मुलांच्या आपोआप जातात म्हणे. उरलेल्या निम्म्यांनी काय करायचं?

कोल्हापुरी: आमच्याकडे थुजा या होमिओपॅथीच्या औषधाने गेल्या. चाचण्याबिचण्या कशाला लागतात?

रानवारा: @कोल्हापुरी, ऑस्ट्रियात १९९६ मध्ये ६० मुलांना होमिओपॅथीच्या गोळ्या नाहीतर तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या दिल्या. चामखिळी निम्म्याने तरी आटल्या त्या होमिओपॅथीवाल्या ३० पैकी ९ मुलांच्या, साध्या गोळीवाल्या ३० पैकी ७.

कोल्हापुरी: आमच्या गेल्या, एवढंच मला माहीत.

त्वचावाला पीजी: धागाकर्त्याचा मुद्दा बरोबर, पण शेवटचं वाक्य घसरलंय. २०१० ची डच चाचणी बघा. २५० रुग्ण, चार वर्षांच्या मुलांपासून मोठ्यांपर्यंत, १३ आठवडे. साध्या चामखिळी, म्हणजे बहुतेक हातावरच्या, गोठवून ४९ टक्के जणांच्या गेल्या, सॅलिसिलिक ॲसिडने १५, नुसतं थांबून ८. तळपायाच्या चामखिळींवर मात्र तिन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. थांबलेला गट होता म्हणूनच तर कळलं की हातावर गोठवण्याचा खरंच उपयोग होतो. तेव्हा ‘डॉक्टरकडे धावू नका’ हे सरसकट सांगू नका. दुखतं मात्र, फोड येतो, आणि आपल्या सावळ्या कातडीवर कधी कधी पांढुरका डाग राहतो.

जुना वाचक: थांबलेला गट मागताय, पण त्या मुलांनी सोसलेलं पुढे लोकांपर्यंत येतं का? मोलस्कमवर (हेही विषाणूमुळेच मुलांच्या कातडीवर येणारे बारीक उंचवटे) इमिक्विमॉड मलमाच्या दोन चाचण्या झाल्या, ७०२ मुलं. मलमाने दोन्हींत २४ टक्के बरी झाली, औषध नसलेल्या नुसत्या लेपाने २६ आणि २८. हा निकाल कुठे वाचायचा, तर औषधाच्या माहितीपत्रकात. ते कोण उघडतं?

रानवारा: हे मात्र पटलं.

दोन पोरांची आई: ४९ म्हणताय तर सोमवारी घेऊन जाते. डागाची भीती आहे, आधी एकाच बोटावर करून बघू.

रानवारा: म्हणजे बाकीची बोटं तुमचा थांबलेला गट झाली की!

दोन पोरांची आई: त्याला हे सांगू नका, आधीच मोजत बसतो.