विषय: दसऱ्याचं अन्नदान (पातेली कोणाकडे आहेत?)

प्रेषक: स्वयंपाक समिती | 14 सप्टेंबर 2017

नमस्कार मंडळी,
गणपतीचे हिशेब लागले. थोडे पैसे उरलेत, शिवाय तांदळाची दोन पोती आणि तूप. यंदा दसरा शनिवारी, 30 तारखेला आलाय. सॅन डिएगोच्या ईस्ट व्हिलेज भागात फुटपाथवर तंबू टाकून राहणाऱ्या दोनशे जणांना मसालेभात आणि जिलबी द्यावी असं मनात आहे. मोठी पातेली मीरा मेसा भागातल्या काकूंकडे आहेत. त्या देतीलच, असं त्यांना न विचारता लिहितेय.

प्रेषक: पोवे, नर्सिंगवाली

ताई, पातेली तूर्त माळ्यावरच राहू दे. सॅन डिएगो काउंटीने (म्हणजे जिल्हा प्रशासनाने) 1 तारखेला आरोग्य आणीबाणी जाहीर केलीय ती हेपॅटायटिस ए साठी, म्हणजे विषाणूने होणाऱ्या काविळीसाठी. चारशेच्या वर रुग्ण, 16 मृत्यू, आणि दहातले सात जण रुग्णालयात भरती करावे लागलेत. बरेचसे बेघर किंवा नशा करणारे.

हा विषाणू विष्ठेतून हाताला आणि हातातून तोंडात जातो. हात पुसायच्या अल्कोहोल जेलवर इथे विसंबता येत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. लक्षणं दिसायला 15 ते 50 दिवस लागतात आणि डोळे पिवळे व्हायच्या आधीच माणूस रोग पसरवू लागतो. म्हणजे भात वाढणारा आपलाच कोणी ठणठणीत दिसत असेल आणि तरी रोग देत असेल. तंबूतल्या लोकांची भीती बाळगू नका, आपल्या हातांची बाळगा.

प्रेषक: एस्कॉन्डिडोचे काका

आमच्या गावात कावीळ न झालेला पोरगा दाखवा म्हटलं असतं तर पंचाईत झाली असती. तेल-तूप बंद, उसाचा रस, काळ्या मनुका. शिवाय एक बाबा चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ ‘उतरवायचा’, पाणी पिवळं व्हायचं. मी महिन्याभरात विटी-दांडू खेळत होतो. याने माणसं मरतात?

प्रेषक: पोवे, नर्सिंगवाली

काका, पाणी पिवळं व्हायचं ते चुन्याच्या करामतीने. पण तुमचा प्रश्न खरा आहे. हा आजार लहानपणी गाठतो तेव्हा सौम्य असतो. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना कळतही नाही, आणि जन्मभराचं संरक्षण मिळतं. आपल्या विहिरींनी फुकटात लस टोचली म्हणा. इथल्या पन्नाशीच्या माणसाची याच्याशी बालपणी गाठच पडली नाही. लस इथे देशभर सगळ्या लहान मुलांना द्यायला लागले तेच मुळी 2006 मध्ये. त्यात यकृत आधीच दारूने किंवा हेपॅटायटिस सी ने (यकृताच्याच दुसऱ्या विषाणूने) पोखरलेलं असेल तर मग अवघड.

मात्र लहानपणची कावीळ ‘ए’च होती कशावरून? हेपॅटायटिसचा ‘ई’ प्रकारही असू शकतो. वाढायला जाणाऱ्याने लस घ्यावी. पूर्वी होऊन गेली असली तरी लसीने अपाय नाही.

प्रेषक: डाउनटाउनला नोकरी करणारा एक सभासद

टीव्हीवर ब्लीचने रस्ते धुताना पाहिलं असेल. ते छान दिसतं. माझ्या ऑफिसच्या चार गल्ल्यांत रात्री उघडं असलेलं एक शौचालय मात्र दाखवा. ग्रँड जुरीने (सरकारी कारभार तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) शहराला याबद्दल पूर्वी एकदा नव्हे, अनेकदा बजावलं होतं. आता हात धुवायची चाळीस ठिकाणं बसवलीत, तीही माणसं मेल्यावर. जेवण तिथे चर्चवाले देतात, लोक टाकूनही देतात. एका आजोबांशी रोज बोलणं होतं. त्यांना पावाचा कंटाळा आलाय आणि पाय कुजताहेत. मोजे मागत होते.

प्रेषक: स्वयंपाक समिती | 16 ऑक्टोबर 2017

मंडळी, उशिराने वृत्तांत. दसऱ्याला मसालेभात झाला, पण आपल्याच घरी, आणि तो तळाला लागला (खरं सांगते, तिथे जेवण न नेणं मला दोन दिवस खुपत होतं. अन्नदान म्हटलं की हात आपोआप पातेल्याकडे जातो). शिल्लक पैशांतून मोजे, पाण्याच्या बाटल्या आणि साबण घेऊन निवारा केंद्रात पोचवले. काउंटीच्या परिचारिका तंबूतंबूंतून पायी फिरून लस देतात. त्यांच्याबरोबर आपल्याला फिरता येत नाही, पण आपल्या नर्सिंगवाल्या वहिनी सुट्टीच्या दिवशी लस टोचायला जाताहेत.

गेल्या आठवड्यात शेजारच्या एल काहोन शहराच्या नगरपालिकेने सार्वजनिक जागेत अन्नवाटप बंद केलं, कारण दिलं हेपॅटायटिसचं. आम्ही स्वतःहून थांबलो ते वेगळं आणि कायद्याने दुसऱ्याचा हात धरणं वेगळं, असं मला वाटतं. वहिनींना तसं वाटत नाही. यावर दिवाळीच्या फराळाला भांडू.

लक्ष्मीपूजनाआधी, म्हणजे बुधवारी रात्रीपर्यंत, दुसरी फेरी न्यायची आहे. मोजे मोठ्या मापाचे, जाड आणि काळे आणा. पांढरे गेल्या वेळी कोणी घेईना. आणि काकू, पातेली परत माळ्यावर ठेवली आहेत, झाकणासकट.