केसॅनचा रिपोर्ट आलाय, पण तो रिमूव्हमधला. रिलीज थांबवायचा का?

खडकवासला_कर्नल (धागाकर्ता)
ऑफिसातला वाद इथे मांडतो. लिनक्सवर चालणारं एक पॅनेल आहे. टच कंट्रोलर आय-टू-सीवर (चिप जोडणारी दोन तारांची बस), ड्रायव्हर आमचाच, काढता-घालता येणारं मॉड्यूल. टेस्टिंगच्या पोराने केसॅन चालू करून मॉड्यूल काढ-घाल करणारा लूप रात्रभर लावला आणि सकाळी लॉगमध्ये स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडून दिलेली मेमरी नंतर वापरली. (ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी: केसॅन म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं साधन, २०१५ पासून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात आहे. दर ८ बाइटमागे १ शॅडो बाइट (त्या जागेच्या स्थितीची नोंद) ठेवतो आणि सोडलेल्या जागेला कुणी हात लावला की बोंब ठोकतो.)

रिपोर्टमध्ये शंकेला जागाच नाही. वाचणारं कोण, तर आमचं डिलेड वर्क (थोड्या वेळाने चालायला रांगेत टाकलेलं काम). जागा घेतली प्रोबने (मॉड्यूल घालताना चालणारं फंक्शन), सोडली रिमूव्हने (काढताना चालणारं). खाली शॅडोमध्ये एफबी एफबी एफबी, म्हणजे मोकळी केलेली जागा. घर विकून झालं, पण मोलकरणीकडची किल्ली घ्यायची राहिली, असा प्रकार.

लीडने सुचवलं, वर्कच्या सुरुवातीला नल चेक (पॉइंटर, म्हणजे जागेचा पत्ता, रिकामा आहे का ते बघणं) टाका. अहो, पॉइंटर नल आहे कुठे? तो तसाच आहे, त्याच्यामागची जागा गेलीय. माझं म्हणणं, केफ्रीच्या (जागा सोडणाऱ्या कॉलच्या) आधी कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक (वर्क रद्द करून ते संपेपर्यंत थांबणारं) हवं आणि ते झाल्याशिवाय रिलीज नको. असा रिपोर्ट आला की मुळाशी गेलंच पाहिजे.

शुक्रवारी_रिलीज
नल चेक हा विनोद आहे, मान्य. पण पॅनेलमधला टच कंट्रोलर सोल्डर केलेला असतो. ग्राहक मॉड्यूल काढणार आहे का? रिमूव्ह चालतं ते तुमच्या टेस्ट लूपमध्येच. त्यासाठी रिलीज अडवणं म्हणजे उंबरठ्याला रंग नाही म्हणून गृहप्रवेश पुढे ढकलणं.

शिवाय रिपोर्ट स्वच्छ करण्याच्या नादात काय होतं ते डेबियनने (लिनक्सचं एक वितरण) दाखवलंय. २००६ साली व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाची 'अनइनिशियलाइज्ड मेमरी'ची कुरकुर बंद करायला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या ओळी कॉमेंट केल्या. त्यातल्या एकीतून खरी रँडमनेस येत होती. उरला फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक), म्हणजे जेमतेम ३२ हजार शक्यता. दोन वर्षं असल्या किल्ल्या तयार होत राहिल्या, २००८ च्या मे महिन्यात उघड झालं. घाईत केलेला फिक्स बगपेक्षा महाग पडतो.

खडकवासला_कर्नल
डेबियनचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, साहेब! तिथे मूळ न शोधता तक्रार गप्प केली. नल चेकही तेच करतो.

आणि 'कोण वापरतंय' म्हणाल तर डीसीसीपी आठवा. २००५ च्या सुमाराला आलेला नेटवर्क प्रोटोकॉल, वापरणारे शोधून सापडत नव्हते. त्यातला डबल-फ्री (एकच जागा दोनदा सोडणं) २०१७ पर्यंत पडून होता. सिझकॉलर या आपोआप चाचण्या करणाऱ्या साधनाने पकडला तेव्हा कळलं की साधा यूजर सॉकेट उघडून रूट (सर्वाधिकारी) होऊ शकतो.

शुक्रवारी_रिलीज
डीसीसीपीचं सॉकेट कुणीही उघडू शकत होतं. मॉड्यूल काढायला आधीच रूट लागतो. रूट असलेल्याला तुमच्या बगची गरज काय? आणि त्या डीसीसीपीचं शेवटी काय झालं? कर्नलमधून काढूनच टाकलं.

गंजलेला_क्रॅब
रस्टमध्ये (मेमरीच्या अशा चुका टाळणारी भाषा) लिहा, हा धागाच राहणार नाही. २०२२ च्या कर्नल ६.१ पासून सोय आहे.

शुक्रवारी_रिलीज
@गंजलेला_क्रॅब आलात? वाटच बघत होतो.

पॉइंटर_पाटील
मधला मार्ग: शिपिंग (ग्राहकाकडे जाणाऱ्या) बिल्डमध्ये केफेन्स ठेवा, केसॅनचा हलका भाऊ. केसॅन दुपटी-तिपटीने मंद करतो, तो पॅनेलवर परवडणार नाही. केफेन्स (२०२१, कर्नल ५.१२) डीफॉल्टला १०० मिलिसेकंदांतून एखादंच अ‍ॅलोकेशन पहाऱ्याखाली घेतो. २५५ ऑब्जेक्ट, जेमतेम २ एमबी. पण नशिबाचा खेळ आहे, एका पॅनेलवर महिनोन् महिने काहीच सापडणार नाही. हजार पॅनेलं असतील तर मजा.

स्लॅबखालचा_म्हातारा
दोघंही रिपोर्टवर भांडताय, ड्रायव्हर कुणी बघत नाहीये. कर्नलभाऊ, आयआरक्यू (स्पर्श झाला की येणारी हार्डवेअरची हाक) कसा घेतलाय? डेव्हएमवाल्या फंक्शनने?

खडकवासला_कर्नल
हो. डेव्हएम_रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू. आपोआप सुटतो म्हणून.

स्लॅबखालचा_म्हातारा
आपोआप सुटतो, पण रिमूव्ह संपल्यावर. तुम्ही वर्क रद्द केलंत, केफ्री केलंत, आणि त्या फटीत स्क्रीनला बोट लागलं की हँडलर (ती हाक ऐकणारं फंक्शन) येणार आणि मेलेल्या जागेतून वर्क पुन्हा रांगेत टाकणार. तुमचा 'मुळाशी गेलेला' फिक्स अर्ध्या वाटेवरच थांबलाय. आधी आयआरक्यू बंद, मग वर्क रद्द, मग केफ्री.

तुमच्या रात्रभराच्या लूपला हे दिसणार नव्हतंच. रात्री स्क्रीनला हात कोण लावणार? जो रस्ता चालला नाही, त्यावर केसॅन मुका असतो. म्हणून 'रिपोर्ट नाही म्हणजे रिलीज करा' हेही मला पटत नाही आणि 'रिपोर्ट आहे म्हणून थांबा' हेही अपुरं वाटतं.

शुक्रवारी_रिलीज
म्हणजे परवा रिलीज थांबवून हाच अर्धा फिक्स गेला असता आणि सगळे निर्धास्त झोपले असते. माझा मुद्दा वेगळा काय होता?

खडकवासला_कर्नल
काल रात्री कॅन्सलवाला फिक्स टाकून लूप लावला आणि स्क्रीनवर बोट फिरवत बसलो. बायको विचारत होती, हे काय काम? चाळिसाव्या फेरीच्या आसपास आला रिपोर्ट. या वेळी वरच्या ओळीत वर्क नाही, आयआरक्यूचा हँडलर. आता म्हाताऱ्यांनी सांगितलेला क्रम लावलाय, सकाळपासून शांत आहे. माझं मत बदललेलं नाही. रिलीज थांबायलाच हवा होता.

शुक्रवारी_रिलीज
स्क्रीनवर बोट ठेवून दुसऱ्या हाताने मॉड्यूल काढणारा एक ग्राहक दाखवा, मीपण सही करतो.