प्रबंधाचे पुस्तक झाले. आता ते वाचनालयात सांगायचे कसे?

रुमालवाला:
माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधावर आधारलेले इंग्रजी पुस्तक गेल्या महिन्यात प्रसिद्ध झाले. पेशवाईतील वतनांच्या तंट्यांत गोतसभेने (गावातील वतनदार व जातभाईंच्या सभेने) करून दिलेले महजर, म्हणजे साक्षीपुराव्यानिशी लिहिलेले निवाडे, हा त्याचा विषय असून त्यासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारातील रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मी सहा वर्षे चाळले. आता आमच्या तालुक्याच्या वाचनालयाने पुस्तकाविषयी चाळीस मिनिटे बोलायला बोलावले आहे. यापूर्वी एका महाविद्यालयात मी प्रस्तावनाच मराठी करून वाचली होती: आधीचे अभ्यासक काय म्हणतात, त्यांत उणीव कोणती, माझी सैद्धांतिक भूमिका काय. विसाव्या मिनिटाला मागच्या रांगा रिकाम्या झाल्या आणि शेवटी एकच प्रश्न आला, "त्यात आमचे आडनाव आहे का?" निष्कर्ष सोपे करावेत तर त्यांचे अपवाद गळून पडतात आणि विधान खोटे वाटू लागते, न करावेत तर कोणी ऐकत नाही. अनुभवी मंडळींनी सुचवावे.

मोडीप्रेमी:
निष्कर्ष बाजूला ठेवा आणि एक कागद घेऊन उभे राहा. महजरावर साक्षीदारांच्या निशाण्या असतात. पाटलाच्या नावाशी नांगर, न्हाव्याच्या नावाशी आरसा. हे चित्र पडद्यावर मोठे करून दाखवले की सही करता न येणारा माणूसही दस्तऐवजात कसा उभा राहतो, हे कोणत्याही सिद्धांताविना समजते. मग विचारा की या कागदावर कोणाची निशाणी नाही. माझा अंदाज आहे की तुमच्या पुस्तकाचा खरा मुद्दा तिथूनच सुरू होत असावा.

कालगणनाही उलगडून दाखवा. 'इसन्ने सबैन मया व अलफ' हे मंत्रासारखे वाटणारे शब्द म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजेच शुहूर सन (त्या काळच्या कागदांतील वर्षगणना) 1172. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1771 येते. मात्र हे वर्ष मृगाला सुरू होत असल्याने जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला 600 मिळवावे लागतात. मी हे एकदा फळ्यावर करून दाखवले, तेव्हा एका निवृत्त तलाठ्याने माझी बेरजेतली चूक काढली आणि त्यानंतर सभा माझ्या हातात राहिली नाही. तुम्हाला हे कसे कळले, हे लोकांना जाणून घ्यायचे असते. अपवादांची भीतीही अशाने कमी होते, कारण "या गावात असे दिसते, शेजारच्या गावात मात्र दिसत नाही" हे वाक्य ऐकणाऱ्याला अधिक जागे करते.

फक्त 'दिव्य' म्हणजे खरे-खोटे ठरवण्याची शारीरिक कसोटी, तिने सुरुवात करू नका. उकळत्या तुपातून रवा (धातूचा तुकडा) हाताने काढण्याची हकीकत एकदा ऐकली की पुढचे कोणाच्याही डोक्यात शिरत नाही.

जुना ग्रंथपाल:
पुस्तकाची किंमत दीड-दोन हजार असेल, तर वाचनालयाच्या सभेत विक्रीची अपेक्षा ठेवू नये. त्याआधी एखाद्या दिवाळी अंकासाठी दहा पानांचा मराठी लेख लिहावा आणि तो वाचनालयात ठेवावा. तो वाचून आलेले पाच जण न वाचता आलेल्या पन्नासांपेक्षा बरे प्रश्न विचारतात.

वतनाबाहेरची:
मोडीप्रेमी यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण नुसत्या गमतीदार कागदांवर भागवू नये. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1898 साली पानिपतच्या काळातील पत्रांचा पहिला खंड काढला, तेव्हा त्याला भलीमोठी प्रस्तावना मराठीतच जोडली आणि साधनांची पारख वाचकासमोर उघडपणे केली. त्यांची काही अनुमाने पुढे टिकली नाहीत, पण वाचकाला हा वाद झेपणार नाही असे त्यांनी गृहीत धरले नाही.

शिवाय तुमची अडचण उलटी आहे, असे मला वाटते. इंग्रजीत 'वतन', 'गोत', 'मिरास' या प्रत्येक शब्दाला तुम्ही खुलासा जोडला असेल. मराठी श्रोत्याच्या घरात हे शब्द, चुकीच्या अर्थाने का होईना, शिल्लक आहेत. तेव्हा भाषणातून काढायचे असतील तर ते परिभाषेचे इंग्रजी शब्द काढा. महजर आणि गोतसभा राहू द्या.

राहिला आडनावाचा प्रश्न. तुम्हाला तो बालिश वाटला, पण ज्यांचे भांडण महजरात आले, त्यांचाही प्रश्न हाच होता: हे नाव, हा मान, ही जमीन आमची की नाही. त्या गृहस्थाला तुम्ही काय उत्तर दिलेत?

रुमालवाला:
"पाहून सांगतो" म्हटले आणि पाहिले नाही. आडनावे त्या कागदांत क्वचितच येतात, बहुधा हुद्द्यानेच उल्लेख असतो, हे तेव्हाच सांगायला हवे होते; तेवढ्यावरून अर्धा तास निघाला असता.

एक महजर निवडला आहे, निशाण्या त्यावर स्पष्ट आहेत. पण तो याच तालुक्यातील गावाचा आहे, आणि पाटीलकीच्या वादात हरलेल्या घराण्याचे वंशज वाचनालयाचे सभासद आहेत. गावाचे नाव वाचावे का?

जुना ग्रंथपाल:
सभेच्या आधी त्यांच्या घरी जाऊन तो कागद स्वतः दाखवा. आमच्याकडे असेच एकदा केले होते, तर आजोबांनी माळ्यावरून त्याच तंट्याची दुसरी प्रत काढून दिली.