मदत हवी आहे: जुनी डिझेल पिकअप मिसिंग करते, हेड उतरवायचं का?

नमस्कार मंडळी. आमची 2007 सालची चार सिलिंडरची डिझेल पिकअप आहे. साध्या पंपाची, कॉम्प्युटरवर चालणारी कॉमन रेल नाही. सासवडहून माल भरून दिवे घाटाने मार्केट यार्डात पोचवायचा आणि येताना खताची पोती आणायची, हे तिचं रोजचं काम.

थंडी पडल्यापासून गाडी मिसिंग करते, म्हणजे सगळे सिलिंडर नीट पेटत नाहीत. पहाटे स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. सुरू झाली की अख्खी केबिन हलते, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असतो, डोळे चुरचुरतात. इंजिन तापलं की धूर जातो, पण स्लोवर (गाडी उभी, इंजिन चालू) थरथर राहतेच. परतताना पोती भरलेली असली की घाटात तिसऱ्या गिअरला दम टाकते.

डिझेल फिल्टर बदलला, एअर काढली. फिल्टरच्या पुढे पारदर्शक नळी लावून पाहिली, बुडबुडे नाहीत. एअर फिल्टर साफ आहे. फिटर म्हणतो हेड गास्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) गेलंय, हेड उतरवू. पण रेडिएटरचं पाणी कमी होत नाही, त्यात बुडबुडे येत नाहीत, ऑइलही दुधाळ झालेलं नाही. अंजिराचा खट्टा बहार (हिवाळी पीक) चालू आहे. पिकलेलं अंजीर झाडावर थांबत नाही, त्यामुळे गाडी गॅरेजला अडकवून ठेवणं परवडणारं नाही. हेडच्या आधी काय तपासू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
हेडला आत्ता हात लावू देऊ नका. पांढरा धूर आणि कच्चा वास म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये. आधी कुठला सिलिंडर मेलाय ते शोधा. गाडी स्लोवर ठेवा आणि नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) पाईपचा नट एकेक करून अर्धा आटा सैल करा. चालू सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनचा आवाज लगेच पडतो. ज्याला काहीच फरक पडत नाही तो मेलेला. नटावर जाड फडकं टाका, चष्मा घाला, बोट जवळ नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत शिरतं, आणि तशी जखम बारीक दिसली तरी थेट हॉस्पिटलच गाठावं लागतं.

मग त्या सिलिंडरचं नोझल शेजारच्याशी अदलाबदल करा. खालचे तांब्याचे वायसर नवे घाला, नाना पेठेत कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतील. मिसिंग नोझलबरोबर सरकलं तर नोझल खराब. तिथेच राहिलं तर दोष त्या सिलिंडरमध्ये.

धागाकर्ता:
मनापासून आभार. तीन नंबर मेलेला आहे. नट सैल केल्यावर डिझेल जोरात उडतं, म्हणजे पंप माल देतोय, पण आवाज तसाच. तीनचं नोझल दोनला आणि दोनचं तीनला घातलं. तरी मिसिंग तीनलाच. म्हणजे फिटरचंच खरं म्हणायचं का?

दुसरा प्रतिसाद:
दादा, अजून नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधला गॅप, शेवटचे कधी सेट केले होते? व्हॉल्व्ह सीटमध्ये (बंद होताना तो टेकतो त्या कड्यात) हळूहळू बसत जातो तसा गॅप कमी होतो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे हवेचा दाब, गळतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबूनच जी उष्णता होते त्यावर सगळा खेळ. दाब कमी, त्यात थंडी, म्हणून सकाळीच जास्त त्रास.

इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेट कव्हर काढा. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 असेल तर इंजिन हाताने फिरवत दोन नंबरकडे बघा. त्याचा एक्झॉस्ट बंद होत असतानाच इनलेट उघडायला लागतो. त्या क्षणी थांबून तीनचा गॅप मोजा. आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधला घ्या, अंदाजाने नको.

धागाकर्ता:
काल कव्हर काढलं. बाकी सगळीकडे फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पानं) थोडं अडकत का होईना, जातं. तीनच्या एक्झॉस्टला सगळ्यात पातळ पानसुद्धा शिरेना. चारही सिलिंडरचे टॅपेट मॅन्युअलप्रमाणे केले. आज पहाटे गाडी लवकर उचलली, धूर बराच कमी झाला आणि केबिनही शांत आहे. थोडी थरथर मात्र अजून जाणवते. आता पुढे काय करू?

दुसरा प्रतिसाद:
आता चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती, ते बघायचं. तीन बाकीच्यांच्या जवळ आला असेल तर बहार उरकेपर्यंत बिनधास्त चालवा. फक्त तीनच खूप कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही वाढला तर तोच व्हॉल्व्ह जळालाय. दोन शेजारचे सिलिंडर एकदम कमी निघाले तरच गास्केटचा संशय घ्या. आणि महिन्याभराने तीनच्या एक्झॉस्टचा गॅप पुन्हा बघा. परत घट्ट झालेला असेल तर सीट गेलीय, मग हेड उतरवावंच लागेल. पण तेव्हा फिटरला काय काम करायचं ते तुम्हीच सांगू शकाल.