पुरावा, दाखला, संदर्भ... पोरांना फरक कसा सांगायचा?

आठवी-नववीला मराठी शिकवतो, सोलापुरातच. परवा वर्गात साधंच काम दिलं, आपल्या गावाला सोलापूर का म्हणतात ते लिहा आणि खाली दाखला द्या. झाडून सगळ्यांनी एकच लिहिलं, सोळा गावं मिळून सोळापूर आणि त्याचं सोलापूर. आणि दाखला? कुणी 'आजोबा', कुणी 'गुगल', एकाने तर 'सगळ्यांना माहितीय' लिहून खाली चक्क सही ठोकलेली. विचारलं तर म्हणतो, सर दाखल्यावर सही लागतेच की ओ!

चूक त्याची नाही, शब्द मीच चुकीचा वापरला. दाखला म्हणजे उदाहरण हा अर्थ आपल्या पिढीपर्यंत होता, पोरांना दाखला म्हणजे जातीचा, उत्पन्नाचा, शाळा सोडल्याचा, शिक्का पडला की विषय संपला. पुराव्याचं उलट असतंय, तो पुढे ठेवला की तपासणी सुरू होते. आणि संदर्भ म्हणजे नुसता पत्ता, त्या पत्त्यावर कोण राहतंय ते जाऊन बघावं लागतं.

मग त्यांना सांगितलं की आपल्या ग्रामदैवताच्या, संत सिद्धेश्वरांच्या काळातल्या, म्हणजे बाराव्या शतकात कल्याणीच्या कलचुरी राजांच्या वेळच्या शिलालेखांत गावाचं नाव 'सोन्नलगे' आहे, मोहोळ तालुक्यात कामतीला शके १२३८ चा (म्हणजे इ.स. १३१६ च्या आसपासचा) संस्कृत लेख आहे त्यात 'सोनलीपूर', आपल्या किल्ल्यातल्या एका लेखात 'सोनलपूर', तिथल्याच विहिरीवर 'संदलपूर'. सोळाचा पत्ता कुठंच नाही. तर मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, सर तुम्ही बघितलाय का तो कामतीचा लेख? नाही बघितला. मीपण वाचूनच सांगतोय. मग माझं आणि तिच्या आजोबांचं सांगणं यात फरक काय, आणि मराठीत त्याला शब्द काय?

प्रतिसाद १
शब्द जुनाच आहे सर, आप्तवाक्य. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चार प्रमाणं (खरं ज्ञान मिळवायचे मार्ग), प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यातलं शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं, पण तिथं आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जो आहे तसं सांगतो तो. आपण मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक करून टाकला, आप्तेष्ट वगैरे. त्यामुळे आजोबा दुसऱ्या अर्थाने आप्त, पहिल्या अर्थाने आहेत का ते विचारायला पाहिजे, आणि लेख वाचणाऱ्यालापण तेच विचारायचं.

प्रतिसाद २
कोर्टात याला ऐकीव पुरावा म्हणतो आम्ही. साक्षीत 'अक्ष' आहे, म्हणजे डोळा, स्वतः बघितलेलं बोला. पण तुमच्या केसमध्ये फरक असा की कामतीचा दगड कुणीही जाऊन वाचू शकतो, आजोबांच्या आजोबांना विचारायला कुठं जाणार?

प्रतिसाद ३
खरा घोळ 'कारण' या शब्दात आहे, त्याच्याकडे कुणी बघतच नाही. 'रस्ता ओला झाला कारण पाऊस पडला' यात पावसामुळे रस्ता ओला. 'पाऊस पडला असणार कारण रस्ता ओला आहे' यात मी पाऊस का मानतो ते सांगितलंय. शब्द एकच, कामं दोन. पोरं पहिलं लिहून दुसरं दिलं समजतात, सोळा गावं होती म्हणून नाव पडलं, अरे पण सोळा होती हे कशावरून? 'कशावरून' हाच शब्द शिकवा, त्याला सही लागत नाही. (आणि सोलापुरात रस्ता ओला दिसला तर आधी पाइपलाइन फुटली का ते बघावं 😄)

मूळ लेखक
कशावरून! हे भारी. आज फळ्यावर लिहिलं, दोन दावे आणि खाली 'कशावरून?'. आणि वर्गात दाखला शब्द बंद केला म्हणून जाहीर केलं, तर तो सहीवाला लगेच उभा, सर मग मला स्कॉलरशिपला बोनाफाईड पाहिजे ते काय म्हणून मागू?