मानसशास्त्रातला पदवीचा प्रबंध : कुठे अडलात, कसे सुटलात?

माझी धाकटी बहीण नाशिकला मानसशास्त्र घेऊन बीए करते आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष 'ऑनर्स विथ रिसर्च' म्हणून करायचं तिच्या मनात आहे. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत, आणि चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा प्रबंध असतो. परवा तिने विचारलं, "ताई, तू प्रोजेक्ट केलास तेव्हा नेमकं अडलं कुठे?" एकट्या माझ्या उत्तरावर तिचं भागणार नाही. तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून, किंवा बाहेरगावी चार वर्षांच्या पदवीत प्रबंध म्हणून ज्यांनी हे काम केलंय, त्यांनी लिहा. विषय कसा निवडावा हे पुस्तकांत सापडतं, मधली अडचण सापडत नाही.

सुरुवात मीच करते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांचा ताण हा माझा विषय. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या अभ्यासिका पालथ्या घातल्या आणि १०० जणांकडून कोहेन यांची दहा प्रश्नांची ताणाची प्रश्नावली भरून घेतली. एक्सेलमध्ये बेरीज केली तर जवळजवळ सगळेच १८ ते २२ मध्ये. ज्याची परीक्षा आठवड्यावर आली होती त्यालाही तेवढेच, आणि कालच नाव घातलेल्यालाही तेवढेच. मॅमनी क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढायला लावला, तो अगदीच कमी आला. त्या रागावल्या नाहीत. एक भरलेला फॉर्म माझ्या हातात दिला आणि चौथा प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितला. आपल्या अडचणी आपण हाताळू शकू असा विश्वास वाटला का, असा तो प्रश्न. "आता सांग, विश्वास जास्त म्हणजे ताण जास्त की कमी?" चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे चार प्रश्न उलटे मोजायचे असतात, शून्याचे चार, एकाचे तीन. मी सरसकट सरळ मोजले होते, म्हणून ताण आणि विश्वास एकमेकांना खाऊन टाकत होते. सूत्र बदललं आणि दहा मिनिटांत आकडे पसरले, कुणाचे ९, कुणाचे ३१. तरी २० फॉर्म हाताने मोजून ताळा केला. बहिणीला हेच सांगितलंय : पहिले पाच फॉर्म आले की लगेच मोजून बघ, शंभराची वाट बघू नकोस.

सिडकोहून

माझा विषय रात्रपाळी आणि झोप. अंबडच्या एका कारखान्याने परवानगीचं पत्र महिनाभर ठेवून घेतलं आणि मग नाही म्हणाले. शेवटी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर सकाळी सातला उभा राहायला लागलो. पाळी सुटलेली माणसं दोन घोट चहा होईपर्यंतच थांबतात, तेवढ्यात पिट्सबर्गची झोपेची प्रश्नावली कशी व्हायची? तिचा पहिलाच प्रश्न, गेल्या महिन्यात साधारण किती वाजता झोपत होतात. एक काका म्हणाले, "कुठल्या आठवड्यातलं सांगू?" त्यांची पाळी दर आठवड्याला फिरायची. त्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तरच नव्हतं, आणि माझ्या आधीच्या सगळ्या फॉर्मांत लोकांनी काहीतरी ठोकून दिलेलं होतं. सरांनी मार्ग काढला : महिनाभर एकाच पाळीत असलेलेच घ्यायचे. ६० चे ३४ उरले. जीव तुटला, पण ते ३४ खरे होते. काकांचं वाक्य मी प्रबंधाच्या मर्यादांमध्ये जसंच्या तसं घातलं, त्यांना विचारून.

दिंडोरी

द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घडांतले मणी विरळ करायला, येणाऱ्या बायकांची चिंता हा विषय घेतला, कारण आई त्याच कामाला जायची. इंग्रजी प्रश्नावलीत 'नर्व्हस' होतं, मी 'अस्वस्थ' केलं. मूळ न बघितलेल्या एका मैत्रिणीकडून मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून घेतलं तर तिने 'आजारी' लिहिलं. बागेतही तेच झालं. एका मावशीने विचारलं, "पोटात का गं?" मग त्याच म्हणाल्या, "जिवाला घोर लागतो, तसं?" हो मावशी, तसंच. गाईडशी बोलून शब्द बदलला.

दुसरी चूक जास्त मोठी होती. बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं म्हणून मी प्रश्न वाचून दाखवायचे, आणि मुकादम शेजारी उभा असायचा. पहिल्या नऊ जणींनी सगळ्याला "काही त्रास नाही" म्हटलं. ते नऊ फॉर्म बाद केले. पुढचे सगळे जेवणाच्या सुट्टीत, बांधावर, एकेकीशी.

इंदिरानगर

पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, वापरणाऱ्यांसाठी लिहितेय. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. मी गुगल फॉर्म बिननावी ठेवला होता. ४७ व्या ओळीत 'जवळपास रोज' आलं, आणि ती व्यक्ती कोण हे कळायला मार्गच नव्हता. मॅमना रात्रीच फोन केला. ज्या ज्या ग्रुपवर फॉर्म गेला होता तिथे आम्ही टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आणि कॉलेजच्या समुपदेशकांची वेळ पाठवली. समुपदेशकांकडे कुणी गेलं का, मला माहीत नाही. फॉर्म पाठवायच्या आधीच हे ठरवायला हवं होतं : असं उत्तर आलं तर कोण, किती तासांत, काय करणार. संमतीपत्रातही ते लिहायला हवं होतं.

नाशिकरोड, सध्या पुण्यात

माझा निकाल सिग्निफिकंट आला नाही, म्हणजे दिसलेला संबंध निव्वळ योगायोगाचा नाही असं म्हणता येईना. ४१ जण होते. दोन गोष्टींमधला मध्यम सहसंबंध, म्हणजे ०.३ चा, ८० टक्के खात्रीने सापडायला ८५ च्या आसपास माणसं लागतात, हे मला व्हायवाच्या आदल्या आठवड्यात कळलं. तसंच सांगितलं. परीक्षकांनी पुढचा अर्धा तास त्यावरच चर्चा केली, आणि ती चांगली झाली.

ओझर, एका विद्यार्थिनीची आई

मी प्रबंध केलेला नाही, तरी लिहिते. लेकीने आमच्या गल्लीतल्या सासवा-सुनांचे फॉर्म भरून घेतले. शेजारच्या वहिनी तासभर आतल्या खोलीत बोलल्या आणि डोळे पुसत बाहेर आल्या. मी सहज विचारलं, काय म्हणाल्या गं? लेक म्हणाली, "आई, ते नाही सांगता येणार." मला लागलं ते. वीस वर्षांची शेजारीण माझी, आणि मलाच नाही सांगायचं? फॉर्मवर नाव नव्हतं, नुसता आकडा. नावांची वही तिने वेगळी, कपाटाच्या कुलुपात ठेवली होती. दोन दिवसांनी ती म्हणाली, तुझाही भरायचाय. सासूबाईंबद्दलचं जे मी यांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी सांगितलं.