‘डिमेन्शिया’ला विसरभोळेपणा म्हणावं का?

नाही. डिमेन्शिया म्हणजे नुसती आठवण नव्हे, तर विचार, भाषा, रोजची कामं सांभाळणारी बुद्धीच ढासळणं. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून घराघरांत पोचलाय. पण घरात त्याचा अर्थ ‘हल्ली विसरायलेत’ एवढाच लावतात, आणि घोळ तिथंच होतो.

शब्द मूळचा लॅटिन. ‘दे’ म्हणजे सुटणं, दूर जाणं. ‘मेन्स’ म्हणजे मन, आपल्या ‘मनस्’चाच भाऊबंद. स्मृतीचा त्यात उल्लेखही नाही. ती आहे ‘अ‍ॅम्नेशिया’ या ग्रीक मुळाच्या शब्दात. डोक्याला मार लागून मधला काळच पुसला गेला तर अ‍ॅम्नेशिया. त्याला ‘स्मृतिलोप’ चपखल बसतो. डिमेन्शियाला ‘स्मृतिभ्रंश’ रूढ झालाय. माझ्या मते ‘बुद्धिभ्रंश’ अर्थाला जास्त जवळचा, पण घरच्या माणसाबद्दल तो उच्चारवत नाही, शिवीसारखा लागतो.

आमच्या शेजारच्या आजी चष्मा विसरायच्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण जन्मभर पुरण शिजवलेल्या या बाईनं एकदा डाळ कच्ची असतानाच गूळ घातला. डाळ शिजेना, आणि का शिजेना हेही त्यांना कळेना. शनिवारच्या बाजारात भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करणाऱ्या आजी तिला मराठीत उत्तरं देऊ लागल्या. या आजारात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते. म्हणून तपासणीला नेताना डॉक्टरांना आवर्जून सांगा, वार, तारीख, उलटे आकडे, जे विचारायचं ते मराठीत विचारा. नाहीतर भाषेचा अडसर बुद्धीच्या खात्यावर जमा होतो.

कन्नडमध्येही दोन शब्द वेगळे आहेत. साधा विसर म्हणजे ‘मरेवु’. म्हातारपणी बुद्धी भरकटते ते ‘अरळु मरळु’. ‘अरवत्तक्के अरळु मरळु’ म्हणा की ‘साठी बुद्धी नाठी’, दोन्ही भाषांनी साठीच धरलीय! या म्हणी मला प्रिय आहेत, पण आजारी माणसाबद्दल त्या वापरू नयेत असं मनापासून वाटतं. ‘वयच झालं की हो’ म्हणत लोक दवाखान्यात नेतच नाहीत. बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड यांमुळेही अशीच लक्षणं दिसतात, आणि वेळेवर औषध मिळालं तर ती बरीही होऊ शकतात.

अल्झायमर हा डिमेन्शियाचा समानार्थी शब्द नव्हे. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये एका रुग्ण बाईंची हकीकत मांडली आणि १९१० मध्ये त्यांचं नाव आजाराला मिळालं. डिमेन्शियाच्या रुग्णांपैकी ६० ते ७० टक्क्यांना अल्झायमर असतो. बाकीच्यांची कारणं वेगळी, उदाहरणार्थ मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडणं.

म्हणून ‘आजींना डिमेन्शिया आहे, बहुतेक अल्झायमरचा’ हे वाक्य बरोबर. ‘गाडीची किल्ली विसरलो, मला डिमेन्शिया झालाय’ हे चूक; तिथं ‘विसरभोळा’च म्हणा.